चार हजार चारशे कोटी अंकांची संख्या



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते शाळेत गणित शिकवत. म्हणून मी विषय निवडला तोही गणिताचा, आणि त्यात येणारा माणूसही शाळामास्तरच. विषय एका मोठ्या संख्येचा आहे. किती मोठी? एखाद्यानं फळ्यावर सेकंदाला एक अंक या वेगानं ती लिहायला घेतली, जेवणखाण, झोप सगळं सोडलं, तरी त्याला चौदाशे वर्षं लागतील. हर्षवर्धन कनौजच्या गादीवर असताना पहिला अंक लिहिला असता, तर आता कुठे खडू खाली ठेवायची वेळ आली असती. तिच्यात चार हजार चारशे कोटींहून जास्त अंक आहेत. तरीही तिच्याबद्दल एक गोष्ट छातीठोकपणे सांगता येते: तिच्या सगळ्या अंकांची बेरीज केली, तर त्या बेरजेनं तिला नि:शेष भाग जातो. तिच्या पुढच्या संख्येलाही त्या संख्येच्या स्वतःच्या अंकांच्या बेरजेनं भाग जातो. तिच्याही पुढचीला तसाच. अशा ओळीनं वीस संख्या. एकविसावी मात्र कधीच नाही.

या मोठ्या संख्येचं मूळ देवळालीत आहे. नाशिकजवळच्या देवळालीत १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षं दत्तात्रय रामचंद्र कापरेकर नावाचे शिक्षक शाळेत शिकवत होते. जन्म १७ जानेवारी १९०५, डहाणूचा. आई लवकर गेली. वडील कारकून, पण ज्योतिषाचा नाद, त्यामुळे घरात आकडेमोड कायमची. शाळा ठाण्याला, कॉलेज पुण्याचं फर्ग्युसन. विद्यार्थिदशेतच १९२७ साली रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक मिळालं. १९२९ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. त्यापुढची पदवी नाही. विद्यापीठात नोकरी नाही, संशोधनाची शिष्यवृत्ती नाही. दिवसा वर्ग, बाकीचा वेळ संख्या. स्वतःबद्दल ते सांगत की दारुड्याला जशी दारूची ओढ, तशी मला आकड्यांची. मास्तरांच्या तोंडी ही उपमा जरा धाडसाचीच, पण खोटी नव्हती.

त्यांच्या नावावर जे सर्वांत प्रसिद्ध आहे, ते आधी उरकून घेऊ. कागद-पेन्सिल असेल तर काढा. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंकांची मोठ्यात मोठी मांडणी करा, त्यातून लहानात लहान वजा करा. उत्तराला पुन्हा तेच. मी कापरेकरांचं जन्मवर्ष घेतो, १९०५.

९५१० − ०१५९ = ९३५१
९५३१ − १३५९ = ८१७२
८७२१ − १२७८ = ७४४३
७४४३ − ३४४७ = ३९९६
९९६३ − ३६९९ = ६२६४
६६४२ − २४६६ = ४१७६
७६४१ − १४६७ = ६१७४

आता ६१७४ ला तेच करा. ७६४१ वजा १४६७, पुन्हा ६१७४. गाडी इथे थांबते. कुठलीही चार अंकी संख्या घ्या, फार तर सात पायऱ्यांत इथेच येते. मास्तरांच्या जन्मवर्षाला सातच्या सात लागल्या, हा निव्वळ योगायोग. पण त्यांना तो सांगायला आवडला असता, असं मला वाटतं. हा शोध त्यांनी १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडला, १९५५ साली तो ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’ या अमेरिकेतल्या नियतकालिकात छापून आला.

असं का होतं? पुष्कळ जण इथे चमत्कार म्हणून टाळ्या वाजवतात आणि पुढे जातात, ते मला पटत नाही. कारण साधं आहे. अंक उतरत्या क्रमानं क, ख, ग, घ धरा. मोठ्यातून लहान वजा केली की राहतं ते ९९९ गुणिले (क − घ) अधिक ९० गुणिले (ख − ग). बस. म्हणजे चार अंकांपैकी फक्त दोन फरकांना किंमत आहे: टोकांचा फरक आणि मधल्यांचा फरक. टोकांचा फरक १ ते ९, मधल्यांचा त्याच्याहून जास्त असू शकत नाही. मोजले तर असे फक्त ५४ प्रकार होतात. जवळजवळ नऊ हजार संख्या पहिल्याच वजाबाकीत ५४ वाटांवर येतात. ५४ वाटा एका दुपारी हातानं तपासून होतात. त्या सगळ्या ६१७४ ला का मिळतात, हे त्या तपासणीतूनच कळतं. त्यामागे काही सुंदर तत्त्व आहे असं नाही. पाच अंकी संख्यांना हा खेळ लावा, तिथे असा एक मुक्काम नाहीच. ५३९५५ वरून ५९९९४ आणि तिथून परत ५३९५५, अशी संख्या गोल गोल फिरत राहते. अशी आणखी दोन चक्रं आहेत.

६१७४ चा एक गुण मात्र पुढे कामाचा आहे. तिच्या अंकांची बेरीज १८. आणि ६१७४ भागिले १८ बरोबर ३४३, म्हणजे साताचा घन. जिच्या अंकांच्या बेरजेनं तिला नि:शेष भाग जातो, त्या संख्येला कापरेकरांनी ‘हर्षद’ म्हटलं.

पण त्याआधी डोंबिवली. जी.आय.पी. रेल्वेवर मुंबईपासून तीस मैलांवर हे स्टेशन, तेव्हाचं नाव डेम्लो. त्या स्टेशनवर कापरेकरांना जी कल्पना सुचली, तिला त्यांनी स्टेशनचंच नाव दिलं: डेम्लो संख्या. गोंदिया-बालाघाटच्या छोट्या लाइननं ज्यांनी प्रवास केला आहे, त्यांना स्टेशनवर विचाराला किती वेळ मिळतो हे वेगळं सांगायला नको. एकांचा वर्ग करत जा. ११ चा वर्ग १२१. १११ चा १२३२१. ११११ चा १२३४३२१. आणि नऊ एकांचा?

१२३४५६७८९८७६५४३२१

सतरा अंक. भास्कराचार्यांनी लीलावतीत, म्हणजे ११५० साली, एकं-दहं-शतंची जी यादी दिली आहे, ती परार्धापर्यंत जाते. आपली ही संख्या परार्धाच्या अलीकडच्या घरात, ‘मध्य’ या स्थानावर सुरू होते: एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज, आणि मग नऊवरून परत खाली. अंकांची बेरीज ८१. या संख्येला ८१ नं भाग जातो, आणि येतो १२३४५६७९ चा वर्ग. म्हणजे हीसुद्धा हर्षद. तिचे मूळ अवयव: तीनाचा चौथा घात, ३७ चा वर्ग आणि ३३३६६७ चा वर्ग. दहाव्या एकाला मात्र हातचा आडवा येतो: १२३४५६७९००९८७६५४३२१. मधला डौल गेला. के. आर. गुंजीकर यांच्यासोबत कापरेकरांनी डेम्लो संख्यांचा सिद्धांत लिहिला, तो मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात १९३९ साली आला.

आता फिर्यादी पक्ष. आपल्याकडच्या अनेक गणितज्ञांनी कापरेकरांना हसण्यावारी नेलं. परिषदांमध्ये त्यांचं काम क्षुल्लक मानलं गेलं. हसणारे सगळे मूर्ख नव्हते. त्यांच्या बाजूला मोठा साक्षीदार होता: रामानुजनना केंब्रिजला नेणारे हार्डी. १९४० सालच्या आपल्या ‘ए मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी’ या पुस्तकात हार्डींनी अंकांच्या गमतींचं उदाहरण दिलं आहे: ८७१२ आणि ९८०१ या दोनच चार अंकी संख्या त्यांच्या उलट्या संख्येच्या पटीत आहेत. ८७१२ म्हणजे चार वेळा २१७८, ९८०१ म्हणजे नऊ वेळा १०८९. कोडं म्हणून ठीक, पण गणितज्ञाला त्यात घेण्यासारखं काही नाही, असा त्यांचा निवाडा.

कारण? हे गुण संख्येचे नाहीत, लिहिण्याच्या पद्धतीचे आहेत. आपण दहांनी गट करतो म्हणून ते दिसतात. उदाहरण हार्डींच्याच घरचं देतो. १७२९, टॅक्सीच्या नंबरावरून प्रसिद्ध झालेली रामानुजनची संख्या. अंकांची बेरीज १९, आणि १९ गुणिले ९१ बरोबर १७२९. हर्षद आहे, वर ९१ म्हणजे १९ उलटे! पण तीच संख्या बारा-बाराचे गट करून, डझन-ग्रोसच्या हिशोबानं लिहा. बाराचा घन १७२८, त्यात एक मिळवला की १७२९; म्हणून ती १००१ अशी लिहिली जाईल. अंकांची बेरीज २. विषम संख्येला २ नं भाग कसा जाईल? हर्षदपण गेलं. मात्र १७२९ ही दोन घनांची बेरीज म्हणून दोन प्रकारे लिहिता येते, हे डझनात मोजा की दहांत, तसंच राहतं. एक गुण हाडाचा, दुसरा कपड्याचा. हार्डींचं म्हणणं इथपर्यंत बरोबर आहे, आणि कापरेकरांचे भक्त ते झटकून टाकतात तेव्हा मास्तरांचं भलं करत नाहीत.

पण कपड्याकडे नीट पाहिलं तर हाडाचं काही कळतं का? आता आपण त्या चौदाशे वर्षांच्या संख्येकडे जाऊ.

एक ते दहा या सगळ्या संख्या हर्षद आहेत, त्यात विशेष नाही. पुढे त्या विरळ होतात. तरी कधी कधी ओळीनं येतात. ५१०, बेरीज ६, भागाकार ८५. ५११, बेरीज ७, भागाकार ७३. ५१२, बेरीज ८, भागाकार ६४. ५१३, बेरीज ९, भागाकार ५७. चार सलग! ५१४ ला गाडं अडतं: बेरीज १०, शेवटी शून्य नाही. प्रश्न असा: जास्तीत जास्त किती सलग येऊ शकतील?

याचं निम्मं उत्तर इथे सतरंजीवर बसल्या-बसल्या निघतं. एककाचा अंक बोटानं झाका. जे उरलं त्याला आपण डोकं म्हणू. ५२३ चं डोकं ५२, त्याच्या अंकांची बेरीज ७, विषम. आता डोक्याची बेरीज विषम असेल आणि एककाचा अंकही विषम असेल, तर संख्या विषम, पण अंकांची एकूण बेरीज सम. सम संख्या विषम संख्येला भागत नाही, कधीच नाही. म्हणजे ५२१, ५२३, ५२५, ५२७, ५२९ हे सगळे बाद. ते तपासायचीही गरज नाही. म्हणून सलग ओळ चालायची तर डोक्याची बेरीज सम हवी. दहा संख्या झाल्या की डोकं एकनं वाढतं. एकनं वाढलं की सम बेरीज विषम होते. ओळ तुटली. सुटका एकाच ठिकाणी: डोक्याच्या शेवटी नऊ असेल आणि हातचा आला, तर. ५९ चं ६० झालं, बेरीज १४ वरून ६. समची समच राहिली! (९९ असेल तर दोन हातचे येतात आणि डाव फसतो, शेवटच्या नवांची संख्या विषम हवी.) म्हणजे सलग दोन दशकं मिळू शकतात. तिसरं नाही, कारण ६० चं ६१ होताना हातचा नाही. आधीचं दशक ५८, त्याची बेरीज विषम, म्हणून ५८९ बाद. दोन दशकं, वीस संख्या. फट एकच उरते: पुढच्या दशकातली शून्यावर संपणारी पहिली संख्या. तीसुद्धा चालत नाही, पण त्याला वेगळा युक्तिवाद लागतो.

हे काम १९९३ साली अमेरिकेतल्या मिसूरी राज्यातल्या वॉरेन्सबर्ग गावी, तिथल्या विद्यापीठातल्या कर्टिस कूपर आणि रॉबर्ट केनेडी या दोघांनी केलं. एकवीस सलग हर्षद संख्या अशक्य, हे त्यांनी सिद्ध केलं. पण ‘वीसपेक्षा जास्त नाही’ म्हणणं एक आणि ‘वीस खरोखर आहेत’ म्हणणं दुसरं. त्यांनी वीसच्या अनंत ओळी बांधून दाखवल्या. त्यांतली सगळ्यांत लहान ओळ दहाच्या ४४३६३३४२७८६ व्या घातापेक्षा मोठी आहे. हा त्या संख्येतल्या अंकांचा हिशोब: चार हजार चारशे छत्तीस कोटी, तेहतीस लाख, बेचाळीस हजार, सातशे शहाऐंशी, आणि त्याहून अधिक. एवढी मोठी का? वीस संख्यांच्या बेरजा वेगवेगळ्या, प्रत्येकीला आपापल्या संख्येला भागायचं आहे, सगळ्या अटी एकदम पाळायच्या आहेत. अट वाढली की संख्या लांबते. देवळालीच्या शाळेतल्या एका व्याख्येतून, फक्त सम-विषम आणि हातचा एवढ्या भांडवलावर, माणूस इथपर्यंत येऊन पोचला.

याच कर्टिस कूपर यांचं नाव दुसऱ्या एका कारणानं जास्त प्रसिद्ध आहे, आणि मला दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत याचं फार अप्रूप वाटतं. आपल्या विद्यापीठातल्या संगणकांवर त्यांनी विक्रमी मोठ्या मूळसंख्या शोधल्या. (हिंदी पुस्तकांत त्यांना अभाज्य संख्या म्हणतात.) २०१६ साली जाहीर झालेली त्यांची मूळसंख्या म्हणजे दोनाचा ७४२०७२८१ वा घात वजा एक. अंक दोन कोटी तेवीस लाखांवर. तो विक्रम पुढे मोडला. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेली सगळ्यांत मोठी ज्ञात मूळसंख्या दोनाचा १३६२७९८४१ वा घात वजा एक; तिच्यात ४ कोटी १० लाख २४ हजार ३२० अंक आहेत. आपल्या वीस हर्षदांच्या ओळीसमोर तीही लहान: अंकांच्या हिशोबानं हजार पटींहून जास्त अंतर आहे.

मूळसंख्या असणं हा हाडाचा गुण, हार्डींच्या पसंतीचा. पण ही संख्या दोन-दोनचे गट करून, संगणकाच्या पद्धतीनं लिहा. काय दिसतं? १११११… नुसते एक, १३ कोटी ६२ लाख ७९ हजार ८४१ एक, मधे दुसरा अंक नाही. डेम्लो स्टेशनवर ज्या एकांच्या रांगेचा वर्ग करून पाहिला, तीच रांग, फक्त दोनाच्या कपड्यात.

आणि रांगेचा कायदा कपड्यावर अवलंबून नाही. नऊ एकांची संख्या तीन एकांच्या संख्येनं भागली जाते, कारण नऊ एक म्हणजे तीन-तीनचे तीन गट: १११ भागिले १११, तेही तीन वेळा, १००१००१. सहा एकांना ११ नंही भाग जातो आणि १११ नंही. रांगेतल्या एकांची गणती भाज्य असेल तर ती रांगही भाज्यच. म्हणून मूळसंख्या हवी तर एकांची गणती आधी मूळ हवी. हे दहांत लिहा, दोनांत लिहा, बारांत लिहा, तसंच. (उलट मात्र नाही: तीन मूळ आहे, पण १११ म्हणजे ३ गुणिले ३७.) अंकांकडे पाहून सुचलेली ही गोष्ट अंकांच्या पलीकडे जाते. हार्डींच्या निवाड्याला हे अपील म्हणून मी ठेवतो.

दुसरंही आहे. मूळसंख्यांच्या अंकांच्या बेरजा सम किती आणि विषम किती, हा प्रश्न रशियन गणितज्ञ गेल्फाँड यांनी १९६८ साली विचारला. बेचाळीस वर्षांनी, २०१० साली, मोदुई आणि रिव्हा या दोन फ्रेंच गणितज्ञांनी उत्तर दिलं: जसजसं पुढे जावं तसतशा दोन्ही निम्म्या-निम्म्या. ते ‘ॲनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स’मध्ये आलं, यापेक्षा वरची जागा गणितात नाही. २०१९ साली इंग्लंडच्या जेम्स मेनर्ड यांनी सिद्ध केलं की ज्यांच्यात एखादा ठरावीक अंक, समजा सात, कधीच येत नाही, अशा मूळसंख्याही अनंत आहेत. त्यांना २०२२ मध्ये फील्ड्‌स पदक मिळालं. कापरेकरांच्या पुस्तिकांमधून ही गणितं निघाली, असं मी म्हणत नाही. त्यांची साधनं तेवढी नव्हती, आणि सिद्धतेपेक्षा त्यांना सापडण्यात जास्त रस होता. पण अंकांची बेरीज ही पोरखेळाची गोष्ट आहे, हे म्हणणं आता कुणी धरत नाही.

मास्तरांची एक कल्पना राहिली, ती मुलांसाठी सांगतो. संख्या घ्या, तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. १२ पासून १५ होते. म्हणून १२ ही १५ ची जनक. काही संख्यांना दोन जनक: ९१ अधिक १० बरोबर १०१, आणि १०० अधिक १ बरोबरही १०१. काहींना एकही नाही: २०, ३१, ४२, ५३. कापरेकरांनी त्यांना स्वयंभू संख्या म्हटलं, आणि निवृत्तीनंतरच्या वर्षी, १९६३ साली, त्यांच्यावर देवळालीहून पुस्तिका काढली. अमेरिकेत ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात मार्टिन गार्डनर यांनी मार्च १९७५ मध्ये कापरेकरांवर लिहिलं, तेव्हा कुठे बाहेरचं जग मास्तरांना ओळखू लागलं. १९८६ साली ते देवळालीतच वारले.

१९६३ ला जनक आहे का, ते घरी जाऊन तपासा. एकेक संख्या करून पाहू नका. १९३० ते १९३९ मधून १९६१ पर्यंतच पोचता येतं, १९५० पासून सुरुवात केली तर १९६५ पासून पुढे. मधल्या १९४० च्या दशकातून नुसत्या सम संख्या येतात. हे तिन्ही स्वतः करून बघा. मग २०२२ घ्या, आणि २०३३.

आता प्रश्न असतील तर विचारा. मंडपाच्या मागच्या बाजूला बसलेल्यांनी जरा मोठ्यानं विचारा.